जसं बांधलं तसं

माझं काम सगळ्यात शेवटी.
पूल उभा राहिला, रंग वाळला, क्रेन दुसऱ्या गावी गेली
की मी टेप घेऊन निघतो
आणि कागदावर काढतो
जे ठरलं होतं ते नाही,
जे झालं ते.

हुफूफ. रुळांच्या अलीकडे भाजीबाजार, खजूरवाले,
पैसे पाठवायची खिडकी.
पलीकडे आमचा कॅम्प.
मधे दोन रूळमार्ग, दोन्ही बाजूंना जाळी,
आणि जाळीला एक भोक,
माणूस आडवा होऊन जाईल एवढं.
कडा इतक्या घासलेल्या
की सदरासुद्धा अडकत नसे.

मोतालेब त्यातूनच गेला, पगाराच्या गुरुवारी.
मालगाडी जाईपर्यंत थांबला होता, शहाण्यासारखा.
तिच्या आडून दुसरी येत होती, रियाधची.

त्यानंतर पूल मंजूर झाला.

बेचाळीस मीटरचा एक गाळा.
चौसष्ट पायऱ्या चढायला, चौसष्ट उतरायला.
रात्री एक ते चार चाळीस गाड्या बंद,
तेवढ्यात गर्डर बसवायचा.
परकार खाली उभा राहून हातानं क्रेनवाल्याला सांगत होता,
झोपलेलं मूल दुसऱ्या खोलीत न्यायला सांगावं
तसं, हळू.
सांध्यात बावीस मिलिमीटर मोकळे सोडले.
ऑगस्टात लोखंडालाही
हातपाय पसरायला लागतात.

शमशुद्दीन परकार. शटरिंगचा सुतार,
दापोलीकडच्या कुठल्याशा खाडीवरचा.
बोलायचा कमी, आणि बोलला की
सव्वीस वर्षांपूर्वीचं मराठी.

उम्म जासिम कामाच्या पत्र्याला टेकून लिंबं विकायची,
हसाची लहान लिंबं, पिशवी न उघडताच वास येणारी.
एकदा वर बघून तिनं विचारलं, किती पायऱ्या?
परकारनं बोटं दाखवली.
दहा. दहा. दहा. दहा. दहा. दहा. चार.
तिनं गुडघ्यावर हात ठेवला
आणि त्याच्या पिशवीत एक लिंबू जास्त टाकलं,
जणू चढायचं त्यालाच होतं.

पुढच्या आठवड्यात दुसऱ्या टप्प्याच्या फळ्या काढल्या
तर कठड्याला लागून एक उंचवटा.
लांबी एक मीटर दहा, उंची पंचेचाळीस सेंटिमीटर.
कडा गोल केलेल्या.
नकाशात नाही.

रोडेल तपासायला आला. बुटानं ठोकून म्हणाला, हे काय?
केबल, परकार म्हणाला.
कसली केबल?
आतली.
रोडेल त्यावर बसला.
बूट काढला, त्यातला खडा झटकला, बूट घातला.
बसून राहिला जरा वेळ.
मग फॉर्मवर खूण केली आणि गेला.

आता राहिलो मी.
एकोणीस वर्षांत एक रेघ खोटी काढली नाही.
परकार मागे उभा, टेपचं दुसरं टोक धरून.
म्हणाला, लिहा की, भाऊ.
मी लिहिलं: केबल आच्छादन, काँक्रीट.
आणि त्याची फेड म्हणून की काय,
कोणी सांगितलं नसताना
जाळीचं भोकही मोजलं,
कंत्राटदारानं ठिगळ मारून बुजवलेलं.
बावन्न बाय साठ.
शीट अकरा, खालचा डावा कोपरा.
मोतालेबचं नाव लिहायला
त्या शीटवर रकाना नाही.

परकार आता जुबैलला आहे. मी दम्मामला, एसीत.
टेकबहादूर अजून त्याच कॅम्पमध्ये. काल त्याचा निरोप आला.
उम्म जासिम रोज बत्तीस पायऱ्या चढते
आणि तिथेच बसते, टोपली मांडीला लावून.
पुढे कधी जात नाही. पलीकडे तिचं कामच नाही काही.
गिऱ्हाईक धापा टाकत वर येतं,
भाव करायचं बळ उरलेलं नसतं.

आणि जाळी पुन्हा कापलीय, म्हणाला.
बारा तास उभं राहिल्यावर चौसष्ट पायऱ्या कोण चढणार?
जुन्या ठिगळापासून वीतभर डावीकडे.

म्हणजे शीट अकरा
आता चूक आहे.